तिजोरी नसलेल्यांचं अर्थकारण

आफ्रिकेच्या विकासासाठी इतक्या आंतरराष्ट्रीय संस्था काम करतात, त्यांत इतके अर्थतज्ज्ञ असतात; ही मंडळी तिथे नेमकं करतात काय? सरकार त्यांच्या हातात नाही, मग त्यांच्या सांगण्यावरून एखाद्या देशाचं धोरण बदलतं तरी कसं?

विकासाविषयी वाचणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. कर्ज देणाऱ्या संस्थांच्या बाबतीत उत्तर सोपं असतं. जागतिक बँक किंवा आफ्रिकी विकास बँक पैसे देते, सोबत अटी घालते, आणि पैशाची निकड असलेला देश त्या मान्य करतो. पण इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, संयुक्त राष्ट्रांची एक अशी संस्था आहे जिच्याकडे कर्ज द्यायला पैसा नाही. तिला कर बसवता येत नाही. तिचा ठराव मानण्याचं बंधन कुणावर नाही. ती म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा आफ्रिकेसाठीचा आर्थिक आयोग. तिच्या प्रमुखाला कार्यकारी सचिव म्हणतात. तरीही गेल्या सहा दशकांत आफ्रिकेच्या अर्थकारणावर जे मोठे वाद झाले, त्यांतल्या बहुतेकांत हा आयोग एका बाजूला ठामपणे उभा होता. त्याच्या कामाची रीत समजली की वरच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

१. आयोग कशासाठी?

२९ एप्रिल १९५८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेनं हा आयोग स्थापन केला. युरोप, आशिया आणि लॅटिन अमेरिका यांच्यासाठीचे आयोग त्याआधी दहा-अकरा वर्षं चालू होते. आफ्रिकेचा नंबर उशिरा लागला, कारण खंडाचा बहुतांश भाग अजून पारतंत्र्यात होता. त्यामुळे पहिल्या सदस्यांच्या यादीत इथिओपिया, घाना, लायबेरिया, सुदान यांच्याबरोबर ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि पोर्तुगालही होते. आफ्रिकेच्या आर्थिक भवितव्याची चर्चा करायला आफ्रिकेवर राज्य करणारेच टेबलाशी बसलेले होते. पुढे दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, एका वर्षात १७ देश स्वतंत्र झाले आणि आयोगाचा चेहरामोहरा बदलला.

या नव्या देशांची अडचण काय होती? रेल्वे होती, पण ती खाणीपासून बंदरापर्यंत जाणारी. शेजारच्या देशाच्या राजधानीला जोडणारी नव्हे. निर्यात एक-दोन जिनसांची: कुठे कोको, कुठे तांबं, कुठे कॉफी. अनेक देशांची लोकसंख्या इतकी थोडी की सिमेंटचा किंवा खताचा कारखाना काढला तर त्याचा माल देशात खपणार नाही. म्हणून पहिल्यापासून आयोगानं एक धागा धरून ठेवला. एकेकट्या देशाला जे परवडत नाही ते शेजाऱ्यांनी मिळून करायचं. घानाचे रॉबर्ट गार्डिनर १९६२ पासून १९७५ पर्यंत कार्यकारी सचिव होते. त्यांच्या काळातच आफ्रिकी विकास बँक उभी राहिली आणि तिची सुरुवातीची बरीचशी पायाभरणी आयोगाच्या कचेरीत झाली.

या कचेरीचं रोजचं काम तीन प्रकारचं आहे. एक, आकडे गोळा करायचे आणि तपासायचे. दोन, कुठलं धोरण आखलं तर काय घडेल याचे हिशोब मांडायचे. तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, दरवर्षी सगळ्या देशांच्या अर्थ आणि नियोजन मंत्र्यांना एकत्र बसवायचं. एकटा अर्थमंत्री कर्जदात्यांसमोर जातो तेव्हा तो याचक असतो. पन्नास मंत्री एकच आकडा आणि एकच मागणी घेऊन गेले तर बोलणं वेगळं होतं.

२. सल्लागाराची मर्यादा

सल्ल्याचं काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आयोगाच्या स्थापनेच्या सुमाराचंच आहे. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला आणि पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचे आर्थिक सल्लागार म्हणून आर्थर लुईस आले. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावर जन्मलेले लुईस विकासाच्या अर्थशास्त्राच्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या अभ्यासकांपैकी एक होते. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांमार्फत झाली होती. तरीही दोन वर्षांच्या आतच ते परतले. पैसा शेतीकडे वळवावा, दिखाऊ प्रकल्पांत घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. एन्क्रुमांनी त्यांना सौजन्यानं पण स्पष्ट कळवलं की अर्थशास्त्राच्या दृष्टीनं तुमचं बरोबर असेलही, पण मी राजकारणी आहे आणि मला भविष्यावर डाव लावावा लागतो.

लुईस बरोबर होते की एन्क्रुमा, हा इथे मुद्दा नाही. एकट्या माणसानं एकट्या नेत्याला दिलेला सल्ला एका पत्रानं संपू शकतो, हे यातून दिसतं. आयोगाच्या कार्यकारी सचिवाला पन्नासेक सरकारांना सल्ला द्यायचा असतो, आणि ती सरकारंच त्याची मालक असतात.

३. लागोस की वॉशिंग्टन?

१९७५ मध्ये या खुर्चीवर नायजेरियाचे आदेबायो आदेदेजी आले आणि १९९१ पर्यंत, सोळा वर्षं, तिथे राहिले. बियाफ्राच्या यादवी युद्धानंतर नायजेरियाच्या पुनर्रचनेचं खातं त्यांनी सांभाळलं होतं. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समूहाचा करार २८ मे १९७५ रोजी लागोसमध्ये झाला, त्याच्या शिल्पकारांपैकी ते एक. शेजाऱ्यांनी एकत्र यावं ही आयोगाची जुनी भूमिका त्यांच्यासाठी आयुष्याचा ध्यास होती.

एप्रिल १९८० मध्ये आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी लागोसच्या खास परिषदेत एक कृतियोजना मंजूर केली. तिचा मसुदा प्रामुख्यानं आदेदेजींच्या आयोगात तयार झाला होता. तिचं म्हणणं थोडक्यात असं: आपण जे पिकवतो ते खात नाही आणि जे खातो ते पिकवत नाही. आधी अन्नधान्य, मग आपल्याच कच्च्या मालावर आपले उद्योग, आणि इ. स. २००० पर्यंत संपूर्ण खंडाचा एक आर्थिक समुदाय.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, वॉशिंग्टनमधल्या जागतिक बँकेनं आपला अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ एलियट बर्ग यांच्या नावानं तो ओळखला जातो. त्याचं निदान वेगळं होतं. दोष मुख्यतः आफ्रिकी सरकारांच्या धोरणांत आहे. चलनाचा दर खोटा आहे, शेतकऱ्याला भाव मिळत नाही, सरकारी महामंडळं तोट्यात आहेत. बाजार मोकळा करा आणि निर्यात वाढवा.

दोन्ही निदानांत किती तथ्य होतं हे समजायला आधी चलनाचा दर पाहू. घानाचं चलन सेडी. १९७८ पासून १९८३ पर्यंत सरकारी दर एका डॉलरला २.७५ सेडी असा गोठवलेला होता. समजा, कोकोच्या काही पोत्यांना जागतिक बाजारात १०० डॉलर मिळाले. सरकारी दरानं त्याचे २७५ सेडी होतात. सगळा कोको सरकारी मंडळच विकत घेतं. ते आपला वाटा ठेवून शेतकऱ्याला १५० सेडी देतं असं धरू. आता हा शेतकरी साबण आणि कापड आणायला बाजारात जातो. तिथे वस्तूंच्या किमती काळ्या बाजारातल्या डॉलरनं ठरतात. तो डॉलर ३० सेडींना असेल, तर त्याच्या हातातल्या १५० सेडींची किंमत उरते पाच डॉलर. शंभर डॉलरच्या मालाचे पाच. मग तो काय करणार? कोकोची झाडं सांभाळणं सोडून देणार, नाहीतर रात्री पोती सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टला नेऊन विकणार. घानात दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर झाल्या. बर्ग अहवालाचं हे बोट बरोबर जागी पडलं होतं, आणि लागोसच्या योजनेत सरकारांच्या या दोषाबद्दल फार मवाळ भाषा आहे. ज्यांच्या सहीनं योजना मंजूर व्हायची तेच दोषी असले की भाषा मवाळ होते. आयोगाच्या कामातली ही खरी दुबळी जागा आहे.

आता दुसरी बाजू. कर्जाच्या अटींतून आलेल्या या कार्यक्रमाला रचनात्मक समायोजन म्हणत: चलनाचं अवमूल्यन, अनुदानांत कपात, नोकरकपात, आयातीवरचे निर्बंध सैल करणं आणि निर्यातीवर भर. १९८० च्या दशकात तीसहून अधिक आफ्रिकी देश कमीअधिक प्रमाणात या वाटेनं गेले. एका देशापुरता विचार केला तर निर्यात वाढवणं शहाणपणाचंच आहे. कोकोचं उत्पादन १० टक्क्यांनी वाढवलं, जागतिक भाव तसाच राहिला, तर १०० रुपयांच्या जागी ११० मिळतील. पण घाना, आयव्हरी कोस्ट, नायजेरिया, कॅमेरून या सगळ्यांना एकाच वेळी तोच सल्ला मिळाला तर? बाजारात माल वाढणार, चॉकलेट खाणारे मात्र तेवढेच. भाव ३० टक्क्यांनी उतरला असं धरा. आता ११० पोती, पण प्रत्येकाला एका रुपयाऐवजी ७० पैसे. हाती पडले ७७ रुपये. जास्त राबून कमी मिळकत.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोकोचे भाव खरोखर कोसळले. आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वानी यांनी भाव चढावा म्हणून काही काळ कोकोची विक्री रोखून धरली, तरी भाव चढला नाही. जुलै १९८९ मध्ये कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा करार मोडला आणि कॉफीची तीच गत झाली. प्रत्येक देशाचा हिशोब वेगवेगळा मांडणाऱ्याला हे दिसत नाही. संपूर्ण खंडाचा हिशोब एकत्र मांडणाऱ्याला दिसतं, आणि तसा मांडणारी कचेरी अदिस अबाबात होती.

शिवाय, खर्च कापताना पहिली कुऱ्हाड दवाखान्यावर आणि शाळेवर पडली. ज्या दवाखान्यात केसपेपर फुकट होता तिथे पैसे लागू लागले. युनिसेफनं १९८७ मध्ये या समायोजनाला माणुसकीचा चेहरा हवा असं अभ्यासासह मांडलं. आदेदेजींचं म्हणणं त्याच्याही पुढचं होतं: ज्या अर्थव्यवस्थेची घडणच परावलंबी आहे, तिचा नुसता ताळेबंद जुळवून काही साधणार नाही.

४. १९८९: आकड्यांवरून जुंपली

मार्च १९८९ मध्ये जागतिक बँकेनं संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमासोबत एक अहवाल काढला. ज्या देशांनी समायोजन कसून राबवलं त्यांची प्रगती इतरांपेक्षा चांगली झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा वेळी आयोगासारख्या संस्थेनं काय करावं? निषेधाचं पत्रक काढणं सोपं होतं. आदेदेजींनी आपल्या अर्थतज्ज्ञांना तेच आकडे पुन्हा मांडायला बसवलं आणि काही आठवड्यांत उत्तर प्रसिद्ध केलं. तुलनेसाठी कुठली वर्षं घेतली, कुठला देश कुठल्या गटात टाकला आणि सरासरी कशी काढली, यावर निष्कर्ष अवलंबून आहे. हे बदलून पाहिलं की तो टिकत नाही, असं आयोगानं दाखवलं.

वर्षाची निवड इतका फरक कसा पाडते? एका देशात १९८३ मध्ये १०० टन धान्य झालं असं समजा. १९८४ मध्ये दुष्काळ पडला, ६० टन झालं. १९८५ मध्ये पाऊस आला, ८० टन झालं. १९८४ पासून मोजलं तर उत्पादन ३३ टक्क्यांनी वाढलं. १९८३ पासून मोजलं तर २० टक्क्यांनी घटलं. आकडा एकही खोटा नाही. १९८३-८५ चा भीषण दुष्काळ ज्या खंडानं सोसला, तिथे सुरुवातीचं वर्ष कुठलं धरायचं हा प्रश्न साधा नव्हता.

त्याच वर्षी आयोगानं समायोजनाला पर्याय म्हणून आपला आराखडा मांडला. आफ्रिकी अर्थमंत्र्यांनी तो उचलून धरला. नोव्हेंबरमध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे गेला आणि त्याच्या आधारे संवाद पुढे न्यावा असा ठराव झाला. अमेरिकेनं विरोधात मत दिलं. कर्जाच्या अटी मात्र लगेच बदलल्या नाहीत. पैसा वॉशिंग्टनकडेच होता. पण त्याच नोव्हेंबरात जागतिक बँकेचा जो दीर्घकालीन अहवाल आला, त्यात शिक्षण, आरोग्य, संस्थांची उभारणी आणि प्रादेशिक सहकार्य यांना आधीपेक्षा कितीतरी जास्त जागा होती. पुढच्या दहा वर्षांत ती भाषा सर्वत्र रुळली.

आदेदेजींच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच्यानंतरचा आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये टांझानियातल्या अरुशा शहरात त्यांच्या पुढाकारानं सरकारं, स्वयंसेवी संस्था, कामगार, महिला आणि विद्यार्थी संघटना एकत्र जमल्या आणि विकासातल्या लोकसहभागाची सनद तयार झाली. लोकांना बोलू न देणाऱ्या सरकारांनाही तिनं जबाबदार धरलं. लागोसच्या वेळी जे मवाळपणे बोललं गेलं होतं ते अरुशात स्पष्ट शब्दांत आलं. आपल्याच मालकांना हे ऐकवायला धैर्य लागतं. आदेदेजी २०१८ मध्ये वारले.

त्यांच्यानंतरच्या काळाकडे इथे ओझरतंच पाहू. घानाचे के. वाय. अमोआको १९९५ ते २००५ या काळात प्रमुख होते. ते स्वतः जागतिक बँकेतून आलेले, त्यामुळे संघर्षापेक्षा संवादाकडे त्यांचा कल. २००१ मध्ये आफ्रिकी नेत्यांनी विकासासाठी जी नवी भागीदारी जाहीर केली, तिच्या आर्थिक मांडणीत त्यांच्या आयोगाचा वाटा होता.

५. देशाचं उत्पन्न किती?

धोरणाची सुरुवात मोजमापापासून होते, आणि मोजमाप वाटतं तितकं पक्कं नसतं. देशात वर्षभरात तयार झालेल्या सगळ्या वस्तू आणि सेवांची किंमत म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी. दरवर्षी प्रत्येक दुकान आणि शेत मोजता येत नाही. म्हणून एक आधारवर्ष घेतात, त्या वर्षी अर्थव्यवस्थेत कुठल्या क्षेत्राचा किती वाटा होता हे बारकाईनं पाहतात आणि पुढची वर्षं त्याच साच्यात बसवत जातात. घरखर्चाचा अंदाज वीस वर्षांपूर्वीच्या वाणसामानाच्या यादीवरून करण्यासारखं हे आहे. यादीत रॉकेल आहे, पण मोबाईलचा रिचार्ज नाही. खर्च कमी दिसणारच.

नायजेरियाचं आधारवर्ष २०१४ पर्यंत १९९० होतं. १९९० मध्ये तिथे मोबाईल फोन नव्हते आणि नॉलिवूड म्हणून पुढे जगभर गाजलेला चित्रपट उद्योग जन्मायचा होता. एप्रिल २०१४ मध्ये २०१० हे नवं आधारवर्ष धरून हिशोब झाला, आणि २०१३ ची अर्थव्यवस्था सुमारे २७,००० कोटी डॉलरवरून ५१,००० कोटी डॉलरवर गेली. वाढ ८९ टक्के. नायजेरियानं कागदावर एका दिवसात दक्षिण आफ्रिकेला मागे टाकलं. घानात २०१० मध्ये असंच झालं होतं. तिथे आकडा सुमारे ६० टक्क्यांनी फुगला आणि देश गरीब देशांच्या यादीतून निम्न-मध्यम उत्पन्न गटात गेला.

यानं कुणाच्या ताटात एक घास वाढला नाही, मग उपयोग काय? उपयोग मोठा आहे. समजा, सरकार २० रुपये कर गोळा करतं आणि अर्थव्यवस्था १०० रुपयांची समजली जाते. करवसुली २० टक्के, म्हणजे ठीकठाक. नव्या मोजणीत अर्थव्यवस्था १८९ रुपयांची निघाली. आता तेच २० रुपये जेमतेम साडेदहा टक्के ठरतात. जी सरकारं आपण पुरेसा कर गोळा करतो असं मानत होती, त्यांना कळलं की मोबाईल कंपन्या, बँका, बांधकाम या वाढलेल्या क्षेत्रांतून पुरेसा कर येतच नाही. दुसरीकडे, गट बदलला की अल्प व्याजाची कर्जं आटू लागतात. म्हणून देशोदेशीच्या सांख्यिकी कार्यालयांना बळ देणं हे आयोगाचं सर्वांत कमी चर्चेतलं, पण पायाचं काम आहे.

६. सीमा उघडायची तर काय बुडेल?

लागोसच्या योजनेतलं इ. स. २००० चं उद्दिष्ट हुकलं. पण विचार मेला नाही. २१ मार्च २०१८ रोजी रवांडाच्या किगाली शहरात ४४ देशांनी आफ्रिका खंडीय मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारावर सह्या केल्या. ३० मे २०१९ रोजी करार लागू झाला. आज इरिट्रिया वगळता आफ्रिकी संघाच्या सर्व देशांनी सही केलेली आहे.

वाटाघाटींत अर्थमंत्र्यांची पहिली भीती एकच असायची: सीमाशुल्क बुडेल. तिला उत्तर देण्याचं काम आयोगाच्या व्यापार धोरण केंद्राकडे होतं. उत्तर असं की तुमच्या आयातीतला आफ्रिकेतून येणारा भाग मुळात थोडा आहे. खंडातला आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या साधारण १५ टक्क्यांच्या आसपास फिरतो. शंभर रुपयांच्या आयातीत १५ रुपयांचा माल आफ्रिकेतला. त्यातला बराचसा प्रादेशिक समूहांमुळे आधीच शुल्कमुक्त. उरला पाच-सात रुपयांचा माल, त्यावरचं शुल्क आणि तेही वर्षानुवर्षं हळूहळू कमी होणारं. आयात शुल्कं हटवली तर खंडांतर्गत व्यापार निम्म्याहून अधिक वाढू शकतो, असा आयोगाचा अंदाज होता. नायजेरियाच्या कारखानदारांची धास्ती निराळी होती: बाहेरचा माल शेजाऱ्याच्या दारानं आत घुसेल. त्यामुळे नायजेरियानं किगालीत सही केली नाही, ती केली जुलै २०१९ मध्ये.

त्या धास्तीला उत्तर देतात ते मूळ देशाचे नियम. केनियात शिवलेल्या शर्टाचं कापड आफ्रिकेबाहेरून आलेलं असेल तर तो शर्ट आफ्रिकेचा मानायचा का? हो म्हटलं तर कापडगिरण्या उघडणार नाहीत. नाही म्हटलं तर शिवणकामाचे कारखाने बंद पडतील. कापड आणि मोटारगाड्या यांच्याबाबत हा वाद वर्षानुवर्षं चालला. २०२२ मध्ये काही मोजक्या देशांनी प्रत्यक्ष व्यवहार सुरू करून पाहिला, तेव्हा केनियाच्या बॅटऱ्या आणि रवांडाची कॉफी घानाला पोचली.

७. बिलातून निसटणारा पैसा

शेवटचं उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवलं आहे, कारण पैसा आणि सत्ता नसलेली संस्था चिकाटीनं काय करू शकते हे त्यात स्पष्ट दिसतं.

आफ्रिकेत मदत येते हे सर्वांना ठाऊक आहे. आफ्रिकेतून गुपचूप किती पैसा बाहेर जातो हा प्रश्न फारसा विचारला जात नव्हता. २०११ मध्ये अर्थमंत्र्यांच्या वार्षिक परिषदेत तो पुढे आला. दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखाली एक उच्चस्तरीय समिती नेमली गेली आणि अभ्यासाचं काम आयोगाकडे आलं. अभ्यासाच्या बऱ्याच काळात आयोगाचे प्रमुख गिनी-बिसाउचे कार्लोस लोपेस होते. अहवाल २०१५ मध्ये आला. अवैध मार्गांनी आफ्रिकेबाहेर जाणारा पैसा वर्षाला ५,००० कोटी डॉलरहून अधिक असावा, असा त्याचा अंदाज होता. त्या काळात खंडाला मिळणारी अधिकृत विकास मदत साधारण तेवढीच होती.

लोकांना वाटतं, हा लाचखाऊ पुढाऱ्यांचा पैसा असेल. अहवालानं दाखवलं की त्यातला सर्वांत मोठा भाग व्यापाराच्या बिलांतून जातो. कसा, ते पाहू. एका खाणीतून १०० डॉलरचं तांबं निघालं. खर्च ५०, नफा ५०. करदर ३० टक्के धरला तर देशाला १५ डॉलर मिळायला हवेत. कंपनी ते तांबं कमी कराच्या देशातल्या आपल्याच भगिनी कंपनीला ६० डॉलरला विकलं असं दाखवते. खाणीच्या देशात नफा उरला १० डॉलर, कर ३. भगिनी कंपनी तेच तांबं १०० ला विकते आणि ४० डॉलर नफा तिथे नोंदवते. खाणीच्या देशाचे १२ डॉलर गेले, आणि तांबं ठेवलेल्या गोदामातून एक तुकडाही हललेला नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे त्या दिवसाच्या जागतिक भावाची माहिती नसेल तर त्याला हे पकडता येत नाही. काही प्रकार कायद्याच्या चौकटीत बसवलेलेही असतात, म्हणून एकेका देशाचा कायदा अपुरा पडतो. नियम सगळ्या जगानं मिळून बदलायला हवेत, आणि ते नियम बनत होते श्रीमंत देशांच्या संघटनेत.

मे २०२२ मध्ये सेनेगलच्या डाकारमध्ये आयोगाच्या परिषदेत अर्थमंत्र्यांनी मागणी केली की करविषयक जागतिक करार संयुक्त राष्ट्रांत व्हावा. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आफ्रिकी गटाच्या वतीनं नायजेरियानं न्यूयॉर्कमध्ये ठराव मांडला. १२५ मतं बाजूनं पडली, ४८ विरोधात. विरोध करणाऱ्यांत अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाचे देश होते. वसाहतवादी सत्ता ज्या आयोगाच्या पहिल्या सभासद होत्या, त्याच आयोगातून निघालेली मागणी त्यांचा विरोध असूनही बहुमतानं मंजूर झाली. २०११ च्या परिषदेपासून या मतदानापर्यंत बारा वर्षं गेली. त्यात आयोगाच्या कार्यकारी सचिवांच्या खुर्चीवरची माणसं बदलली, अर्थमंत्री तर अनेकदा बदलले. आकडा आणि मागणी मात्र तीच राहिली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये वाटाघाटींची संघटनात्मक बैठक झाली, तेव्हा अमेरिका उठून गेली. बाकीचे देश थांबले. न्यूयॉर्क आणि नैरोबी इथे बैठका आळीपाळीनं चालतात, आणि कराराचा मसुदा २०२७ मध्ये पूर्ण करायचं ठरलं आहे. सध्याचे कार्यकारी सचिव क्लेव्हर गातेते हे रवांडाचे माजी अर्थमंत्री आहेत. सीमेपलीकडून सेवा देणाऱ्या कंपन्यांवर कर कुठल्या देशानं लावायचा, हा या वाटाघाटीतला एक कळीचा मुद्दा आहे. मोबाईलवर जाहिराती पाहणारा ग्राहक नैरोबीत आणि जाहिरातीचा नफा दुसऱ्याच खंडात, अशी त्याची आजची स्थिती आहे.